निबंध मी वाचला होता

विद्यार्थ्यांचे निबंध मी कागदावर तपासते. आमच्या विभागाला हे आवडत नाही. सगळं ऑनलाइन येतं, ऑनलाइन तपासता येतं, मग प्रिंटरचा टोनर का संपवायचा, अशा मेल मला दोन-तीनदा येऊन गेल्या आहेत. मी उत्तर देत नाही आणि प्रिंट काढायची थांबत नाही. शनिवारी सकाळी मुलीची स्विमिंगची प्रॅक्टिस असते, तेव्हा मी गठ्ठा घेऊन पूलशेजारच्या पायऱ्यांवर बसते. तिथल्या दमट हवेनं कागद मऊ पडतात, क्लोरीनचा वास त्यांना चिकटतो, आणि सोमवारी निबंध परत देताना पुढच्या बाकावरची मुलं तो वास घेऊन हसतात. हसू देत. वाचलेत याचा तेवढा तरी पुरावा.

डेट्रॉइटच्या बाहेर, नोव्हाय या उपनगरापासून अर्ध्या तासावर असलेल्या एका सरकारी विद्यापीठात मी आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. लेक्चरर आहे. म्हणजे दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट येईल की नाही याची वाट बघणारी. नवरा गाड्यांच्या कंपनीत आहे, त्यामुळे घर चालतं, आणि त्यामुळेच आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना वाटतं की माझी नोकरी हा एक छंद आहे. माझ्या वर्गात बसणारी मुलं नर्सिंगची, इंजिनिअरिंगची, बिझनेसची. डिग्रीसाठी इतिहासाचा एक कोर्स करावा लागतो म्हणून आलेली. मला त्याचं काही वाटत नाही. जबरदस्तीनं आलेल्या माणसाला एखादी गोष्ट खरंच आवडली तर ती चेहऱ्यावर लगेच दिसते.

एका सेमिस्टरला मी एक असाइनमेंट दिली होती. पाठ्यपुस्तकातलं कुठलंही एक वाक्य घ्यायचं, ते आपल्या ओळखीच्या एखाद्या गावात किंवा गल्लीत नेऊन ठेवायचं, आणि तिथून ते खरं दिसतं का ते बघायचं. दिसायला सोपी. पण हे कुठल्याही पुस्तकात तयार मिळत नाही, त्यामुळे मुलं वैतागतात. एका मुलीनं ‘हायवे आले आणि शहरं जोडली गेली’ हे वाक्य घेऊन तिच्या आजीचा मोहल्ला शोधून काढला होता. तो हायवेखाली गेलेला होता. असले निबंध आले की मला सेमिस्टरचं सार्थक वाटतं.

आणि एक निबंध आला वऱ्हाडच्या कापसावर.

तो लिहिणारी तिशीतली होती. बाकीचा वर्ग एकोणीस-वीस वर्षांचा. नागपूरजवळच्या एका तालुक्याच्या गावातली. बी.कॉम. अर्ध्यावर असताना लग्न झालं, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे इकडे आली, मुलगा शाळेत जायला लागल्यावर अकाउंटिंगच्या डिग्रीला नाव घातलं. पहिल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? तुमच्या इंग्लिशवरून ओळखलं.”

“हो. पण वर्गात आपण इंग्लिशच बोलायचं. आणि कन्सेशन मिळणार नाही.”

“कन्सेशन कोण मागून राहिलंय मॅडम,” ती म्हणाली. “मी फक्त विचारलं.”

त्यानंतर वर्गात ती जवळजवळ बोललीच नाही. खिडकीजवळ बसायची, सगळं लिहून घ्यायची. मला ती हुशार वाटली नव्हती, ढ वाटली नव्हती, खरं सांगायचं तर मी तिचा विचारच फारसा केला नव्हता.

तिनं वाक्य निवडलं होतं अमेरिकन यादवी युद्ध संपल्याचं. दक्षिणेच्या सैन्यानं शरणागती पत्करली आणि युद्ध संपलं, असं आमचं पाठ्यपुस्तक म्हणतं. तिनं ते वाक्य उचलून वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारात नेलं. युद्ध चालू असताना अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, ज्वारीच्या रानात कापूस आला, रेल्वे आली. मग युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले. तिनं लिहिलं होतं की पुस्तकात ज्या दिवशी युद्ध संपतं, त्या दिवसापासून आमच्याकडे ते सुरू होतं.

एवढ्यावर मी बी प्लस दिला असता. ही माहिती शोधणाऱ्याला सापडते. पण तिसऱ्या पानावर तिनं एका इंग्रज अधिकाऱ्याचा जुना अहवाल घेतला होता. बाजारातले लोक अमेरिकेच्या लढाईची बातमी विचारत असत, असं त्या अधिकाऱ्यानं नोंदवलं होतं. पुस्तकं लिहिणारे असलं काही सापडलं की खूश होतात आणि उचलून घालतात. ही थांबली होती. तिनं विचारलं होतं, त्याला हे कळलं कुणाकडून? कुठल्या भाषेत? मी पूलशेजारी बसून तो परिच्छेद दोनदा वाचला आणि समासात लिहिलं, ‘हा प्रश्न मी तुम्हाला शिकवलेला नाही. छान.’ दुसरं पान मात्र नुसती माहिती ओतलेलं होतं. म्हणून ए मायनस.

भाषा? भाषा आपली. म्हणजे आपल्याकडची परीक्षेतली इंग्लिश. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘मोरओव्हर’ नाहीतर ‘फर्दरमोर’, मधे कुठेतरी ‘इट इज पर्टिनंट टू मेन्शन’. मला त्यात काही खटकलं नाही. मीसुद्धा सांगलीत तशीच इंग्लिश शिकले.

त्याच सेमिस्टरपासून विभागानं नवीन नियम आणला होता. प्रत्येक निबंध एका सॉफ्टवेअरमधून जायचा आणि तो माणसानं लिहिलाय की यंत्रानं हे ते सॉफ्टवेअर सांगायचं. हिरवं आलं तर ठीक. लाल आलं तर शिक्षकानं विद्यापीठाच्या कमिटीकडे रिपोर्ट करायचा. सोमवारी निकाल आले. तिचा निबंध लाल. बहुतांश मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता, असा शेरा.

आता मी भाबडी नाही, हे इथे सांगायला हवं. मुलं यंत्राकडून लिहून घेतात हे मला माहीत आहे. त्याच गठ्ठ्यात एका मुलाचा निबंध होता, डेट्रॉइटच्या कारखान्यांवर, वाचताना जीभ कुठे अडखळत नाही इतका गुळगुळीत, आणि त्यात एकाही गल्लीचं नाव नाही. मी त्याला ऑफिसात बोलावलं. म्हटलं, “तू लिहिलंयस की तुझ्या आजोबांच्या गल्लीत सगळे कारखान्यात कामाला होते. कुठली गल्ली?” तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. “मला माहीत नाही,” म्हणाला, “आजोबा ओहायोत होते.” बरा मुलगा होता, लगेच कबूल झाला. मी शून्य दिलं आणि पुन्हा लिहायला लावलं. त्याचा पहिला निबंध सॉफ्टवेअरनं हिरवा ठरवला होता.

तर मी रिपोर्ट केला नाही. ए मायनस सिस्टिममध्ये भरला आणि पुढच्या कामाला लागले.

दोन दिवसांनी विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. रिटायरमेंटला आलेला, सगळ्यांशी गोड, कटकट नको असलेला. सगळं बोलणं अर्थात इंग्लिशमध्ये.

“एक रिपोर्ट राहिलाय तुमचा,” ते म्हणाले.

“राहिला नाही. मी करणार नाहीये.”

“निकाल लाल आहे.”

“मी निबंध वाचलाय. तो तिनं लिहिलाय.”

“असेलही. रिपोर्ट करा, कमिटी बघेल. आपल्याला ठरवायची गरजच नाही. तोच तर फायदा आहे.”

“ठरवणं हेच माझं काम आहे,” मी म्हटलं. “त्याचाच पगार देता ना तुम्ही मला? आणि हिरव्या निकालातला एक खोटा मी पकडला, त्याचा तर तुमच्याकडे रकानाच नाही.”

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बघा, चुकीचं समजू नका. तुम्ही दोघी एकाच भागातल्या आहात. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही तिला सांभाळून घेताय, तर?”

मनात आलं, सांगली आणि नागपूर यात किती अंतर आहे ते यांना नकाशावर दाखवावं. पण तो मुद्दा नव्हता. मी म्हटलं, “तुमच्या वर्गात मिशिगनची मुलं असतात. तुम्ही मिशिगनचे. तुमच्या ग्रेडबद्दल कोणी विचारलंय कधी?”

“ते वेगळं आहे.”

“कसं?”

ते रिपोर्टच्या फॉर्मकडे वळले. म्हणाले, तुम्ही करणार नसाल तर मला करावं लागेल. मी म्हटलं, करा, आणि माझं लेखी मत त्याला जोडा. शिक्षिकेनं निबंध वाचला आहे आणि तो विद्यार्थिनीचा आहे असं तिचं ठाम मत आहे. ते मी तिथेच, त्यांच्या टेबलाशी बसून लिहून दिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू लिहून दिलंस? सही करून?” मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “आई, जस्ट फॉलो द रूल ना.” मी तिला विचारलं, तुला कोणी म्हटलं की तुझा पोहण्याचा टायमिंग खोटा आहे, मशीन म्हणतंय, तर? ती म्हणाली, “दॅट्स डिफरंट.” एका दिवसात मी हे दुसऱ्यांदा ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी माझ्या ऑफिसात आली. हातात कमिटीचं पत्र. बसली नाही, दारातच उभी राहून मराठीत म्हणाली, “ताई, मी कोर्स कॅन्सल करते. संपवून टाकू.” मॅडमची ताई झाली होती. तिच्याही लक्षात आलं नसावं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. पत्रात दोन रस्ते होते. आरोप मान्य करून सही केली तर निबंधाला शून्य आणि विषय संपला. नाहीतर सुनावणीला हजर राहा, आणि सुनावणीत दोषी ठरलात तर कोर्समध्ये नापास आणि तशी नोंद.

“हे म्हणतात, सही करून टाक,” ती म्हणाली. हे म्हणजे नवरा. “ग्रीन कार्डचं चालू आहे, कशाला आपलं नाव कुठे यायला पाहिजे. एका निबंधानं काय होते? मी तर रात्रंदिवस घाबरूनच राहिली आहे.”

आता मी अडचणीत आले. विभागप्रमुखांपुढे छाती काढून बसले होते, ती माझी छाती होती. पणाला लागत होतं ते हिचं. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर घरात कुरकुर झाली असती, एवढंच. तिचं काय काय होतं ते मला नीट माहीतही नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. म्हटलं, “माझ्यासाठी काहीही करू नकोस. सही केलीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. फक्त सही करायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाच.”

“वाचलं ना.”

“परत वाच. मोठ्यानं.”

तिनं वाचलं. सदर मजकूर मी स्वतः लिहिलेला नाही हे मला मान्य आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. ती तिथे थांबली. पुन्हा मनात वाचलं.

“मी लिहिलेला नाही तं मग कोणी लिहिला?”

“त्यांच्या मते कोणीच नाही.”

“कोणीच नाही?” तिचा आवाज चढला. “असं कसं कोणीच नाही? अख्खे रविवार घातले मी त्याच्यावर. मुलाला हे पार्कमध्ये घेऊन गेले तेव्हा बसून लिहिला. ते जुने अहवाल वाचता वाचता डोळे गेले माझे, त्याची छपाई पाहिली का तुम्ही? आणि हे कमिटीवाले म्हणतात कोणीच नाही!” तिनं पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये कोंबली. “नाही करत सही. कुठे आहे ती सुनावणी?”

मी तिला भरीला घातलं नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. ती चिडली ती तिची ती.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी नोव्हायला एकांकडे जेवण होतं. पदार्थ सगळ्यांनी वाटून आणायचे, मी कोशिंबीर नेली होती. नवऱ्यानं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण ताटं वाढून होईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चाळीस-एक वर्षांपूर्वी आलेले, गाड्यांच्या कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक काका आहेत, सगळे त्यांना मानतात. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

“अगं, तू कॉन्ट्रॅक्टवर ना? मग कशाला अंगावर घेतेस? आम्ही इथे इतकी वर्षं काढली, कधी आवाज चढवला नाही. काम चोख करायचं, बस.”

“काका, मी कामच चोख करतेय.”

“तसं नाही गं. इथे सिस्टिमशी भांडून चालत नाही.”

“कुणीतरी भांडलं असेल म्हणून तर तुम्हाला इथे यायला मिळालं ना,” मी म्हणाले. “आपल्याला इथे येऊ न देणारा जुना कायदा काही आपोआप बदलला नव्हता. सेमिस्टरच्या सातव्या आठवड्यात शिकवते मी. येऊन बसा एकदा.”

काकूंनी घाईघाईनं माझ्या पानात आणखी मसालेभात वाढला. काका मात्र रागावले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “सुनावणी कधी आहे?” मी सांगितलं. “बरं, नीट कपडे घालून जा. आणि त्या मुलीलाही सांग.” एवढाच त्यांचा पाठिंबा, पण तो मी मोजून घेतला.

मी एक तयारी केली होती आणि ती पार फसली. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. माझी खात्री होती की तेही लाल येणार, कारण माझी इंग्लिश तिच्याच वळणाची. मग ते सुनावणीत कमिटीपुढे आपटायचं, असा बेत. निकाल आला, पूर्णपणे मानवी. मी खुर्चीत बसून त्या सॉफ्टवेअरला सांगलीच्या अस्सल शिव्या दिल्या. तेव्हा उरलं काय? मी वाचलंय, एवढंच. ठीक आहे, म्हटलं, तेवढ्यावर जाऊ.

सुनावणीची खोली लहान होती. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या. कमिटीत तिघं. अध्यक्ष असलेल्या बाई विद्यार्थी कल्याण विभागाच्या, एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी मुलगी. आमचे विभागप्रमुख कोपऱ्यात. ती आली ती निळ्या पंजाबी ड्रेसवर ब्लेझर घालून. चालणं सरळ होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, निबंधाचे कच्चे मसुदे आहेत का?

“नाहीत.”

“एकही नाही?”

“मी आधी डोक्यात मराठीत करते. भाज्या चिरताना, गाडी चालवताना. मग एकदम इंग्लिशमध्ये टाइप करते.”

“हे आम्ही कसं तपासायचं?”

रसायनवाल्या प्राध्यापकांनी निबंध पुढे ओढला. “हे ‘पर्टिनंट’ वगैरे शब्द तुम्ही रोज वापरता?”

“रोज नाही. लिहिताना वापरते.”

“का?”

“शाळेत आमच्या सरांनी असे शब्द पाठ करून घेतले होते. परिच्छेदाच्या सुरुवातीला जोडशब्द नसला तर अर्धा मार्क कापायचे.” तिनं ब्लेझरची बाही नीट केली. “मी शाळेत इंग्लिशमध्ये पहिली यायची.”

विद्यार्थी प्रतिनिधी मुलगी हसली, चांगल्या अर्थानं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. लिहून घेत राहिल्या. मला दिसत होतं की हे असंच चालू राहिलं तर मसुदे नाहीत, पुरावा नाही, यंत्राचा निकाल आहे, अशा तीन ओळींत सगळं संपणार. मी हात वर केला.

“तिला कापसाबद्दल विचारा ना.”

“इथे विषयाचं ज्ञान तपासलं जात नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“मग काय तपासलं जातंय? निबंध तिचा आहे की नाही हेच ना? ज्यानं लिहिलाय त्याला तो माहीत असणार. मी याच एका पद्धतीनं त्याच वर्गात एक खोटा निबंध पकडलाय, जो तुमच्या सॉफ्टवेअरला सापडला नाही. विभागप्रमुखांना माहीत आहे.”

“तुम्हाला बोलायची वेळ नंतर दिली जाईल.”

“नंतर उपयोग नाही.”

विभागप्रमुखांनी डोळे मिटले. अध्यक्षबाईंचे कान लाल झाले. काही म्हणणार तेवढ्यात रसायनवाले म्हणाले, “मी विचारू का? मला खरंच जाणून घ्यायचंय. हे तिसऱ्या पानावर तुम्ही त्या अधिकाऱ्यावर विश्वास का ठेवत नाही?”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघत बोलायला लागली, आधी हळू.

“ठेवत नाही असं नाही. तो लिहितो की बाजारातले लोक अमेरिकेच्या लढाईची बातमी विचारत होते. पण त्याला मराठी येत होती का? थोडी येत असेल. मग मधे दुभाष्या असणार. दुभाष्याला साहेबाला आवडेल ते सांगायचं असणार. माझे सासरे तहसील ऑफिसात होते, मोठे साहेब आले की कोण काय बोलते ते मला माहीत आहे.” आता तिची मान वर आली होती. “आणि लोकांनी विचारलं असेल तर का विचारलं? भावासाठी. त्यांना लढाईचं काय? पण तो अधिकारी असं लिहितो की जसं काही त्यांना जगाची काळजी होती. मग मला कळत नाही की बातमी लोकांना पाहिजे होती, का दुभाष्याला, का साहेबाला. मी खूप शोधलं. नाही सापडलं. म्हणून मी निबंधात लिहिलं की मला हे कळलं नाही. यंत्रानं लिहिलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं.”

शेवटचं वाक्य तिनं चिडून म्हटलं होतं. रसायनवाल्यांनी पेन खाली ठेवलं. “माझे प्रश्न संपले,” म्हणाले.

निकाल पत्रानं आला. पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्यात येत आहे. ग्रेड कायम.

लोकांनी अभिनंदन केलं. नवऱ्यानं बाहेरून जेवण मागवलं. मला मात्र ते वाक्य खटकलं. पुराव्याअभावी? म्हणजे केलं असावं, पण सापडलं नाही? मी कमिटीला लिहिलं की शब्द बदला, तिनं काही गैर केलं नाही असं लिहा. उत्तर आलं, ही ठरलेली भाषा आहे. मी पुन्हा लिहिलं. तिनंही स्वतः लिहिलं, मला न विचारता, आणि त्यात ‘इट इज पर्टिनंट टू मेन्शन’ मुद्दाम घातलं. शब्द बदलले नाहीत. पण तिच्या फाइलमधून प्रकरणाची नोंद काढून टाकल्याचं त्यांनी लेखी कळवलं. अर्धं मिळालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी अजून अधूनमधून लिहिते.

निकालानंतर ती ऑफिसात आली. मला वाटलं, आभार मानायला. खुर्ची ओढून बसली आणि निबंध पुढे ठेवला. “आता सांगा मॅडम, हे मायनस कशाचं आहे?”

मी दुसरं पान दाखवलं. म्हटलं, इथे तू नुसतं सांगत सुटलीयस, विचारत काही नाहीस. ती म्हणाली, माहिती दिल्याशिवाय अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला वऱ्हाड कळेल का? मी म्हटलं, कळेल तेवढीच द्यायची. बराच वेळ वाद झाला. तिचा मुलगा शाळेतून सुटायची वेळ झाली तेव्हा ती उठली. मी मायनस काढलं नाही. तिला ते पटलेलं नाही. डिग्री ती अकाउंटिंगचीच करते आहे, आणि इतिहासाचा आणखी एक कोर्स तिनं घेतलाय, दुसऱ्या कुणाकडे. सांभाळून घेतलं असं कोणी म्हणायला नको, म्हणाली.

माझं काय झालं? पुढच्या सेमिस्टरला तो कोर्स माझ्याकडे आला नाही. मोठ्या हॉलमधला, तोंडं ओळखू येणार नाहीत इतक्या मुलांचा वर्ग दिला. विभागप्रमुख म्हणाले, वेळापत्रकाची अडचण. मी घेतला. पहिल्या दिवशी वाटायच्या माहितीपत्रकात मी लिहिलं, या वर्गातले निबंध मी स्वतः वाचते, कुठल्याही सॉफ्टवेअरचा निकाल ग्रेडसाठी वापरणार नाही, आणि प्रत्येक निबंधाबद्दल लिहिणाऱ्याशी समोरासमोर बोलेन. हे बोलणं आता माझे सगळे रिकामे तास खातं. ऑफिसबाहेर मुलं जमिनीवर बसून असतात. काहीजण आत येऊन पहिल्या मिनिटालाच सांगतात की मी लिहिलेला नाही, परत लिहू का. काहीजण असं काही बोलतात जे निबंधात आलेलंच नसतं, मग मी म्हणते, हे लिही, जा. दमायला होतं. पण ही मुलं बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला दिसतं, आणि तेवढ्यासाठी मी दमायला तयार आहे.

गेल्या आठवड्यात विभागप्रमुखांची मेल आली. माहितीपत्रकातली ती ओळ विभागाच्या धोरणाशी विसंगत आहे, काढावी. पुढच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचा विचार चालू असल्याचंही खाली जाता जाता लिहिलं होतं. मी ऑफिसात होते, दार उघडं होतं, बाहेर पाच-सहा मुलं बसलेली. मी एका ओळीत उत्तर दिलं, ओळ राहील. पाठवलं. मग गठ्ठ्यातला पुढचा निबंध घेतला. फार वाईट होता, पण त्या मुलाचा स्वतःचा होता. सी दिला, का दिला ते कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत लिहून काढलं, आणि त्याला आत बोलावलं.